ओआहाकाच्या डोंगरातली कॉफी आणि चढत्या भावाची कसोटी

मेक्सिकोच्या दक्षिणेला, ओआहाका आणि चियापास राज्यांच्या डोंगरांत, कॉफीचा सगळा हिशेब तीन आकड्यांवर चालतो: २४५, ५७.५ आणि ४६. झाडावरून तोडलेली २४५ किलो लाल फळं घ्या. साल-गर काढून बिया आंबवा, धुवा, वाळवा, की ५७.५ किलो 'पर्गामिनो' मिळतं, म्हणजे कागदासारख्या पातळ टरफलातलं कोरडं बी. गिरणीत ते टरफल निघालं की उरते ४६ किलो हिरवी कॉफी. तिथे याला एक किंताल म्हणतात. ज्याला हे तीन आकडे पाठ आहेत आणि ज्याच्या हाताशी खात्रीचा काटा आहे, त्याला फसवणं अवघड. पण १९८० च्या सुमारास डोंगरातल्या सापोतेक आणि मिहे या आदिवासी समाजांच्या गावांत काटा होता तो कोयोतेकडे.

कोयोते म्हणजे गावोगाव फिरून कॉफी घेणारा व्यापारी. तो माल घ्यायचा आणि उधारीही द्यायचा. जून ते सप्टेंबर हे डोंगरातले तंगीचे महिने. घरातला मका संपत आलेला, नवा मका अजून शेतात उभा, कॉफीची फळं हिरवी. त्या दिवसांत कोयोतेकडून आणलेला मका, औषधपाण्याचे पैसे, लग्नाचा खर्च, हे सगळं हिवाळ्यात कॉफी घालून फेडायचं. भाव तो ठरवणार, वजन तो करणार, ओल्या मालाला किती घट धरायची तेही तोच सांगणार. बँकेचा आधार नाही, कारण इथली जमीन बहुतांशी गावाच्या सामुदायिक मालकीची. गहाण ठेवावा असा स्वतःच्या नावाचा कागद शेतकऱ्याकडे नसतो. या भागातल्या सहकारी संस्थांबद्दल बोलताना लोक 'सेंद्रिय' आणि 'रास्त व्यापार' (फेअरट्रेड) हे शब्द आधी उच्चारतात. माझ्या मते या संस्था उभ्या राहिल्या त्या एका काट्यावर, एका ट्रकवर आणि तंगीत मिळणाऱ्या उचलीवर. त्या टिकतात की मोडतात तेही उचलीवरच ठरतं. आणि खरी परीक्षा भाव कोसळल्यावर होत नाही, ती होते भाव चढल्यावर. बाहेरून पाहणाऱ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो.

थोडा मागचा धागा घ्यायला हवा. पुएब्लाच्या डोंगरात नाहुआ आणि तोतोनाक शेतकऱ्यांची तोसेपान ही सहकारी चळवळ १९७७ मध्ये सुरू झाली. ओआहाकाच्या इस्थमस, म्हणजे संयोगभूमीच्या, भागात १९८३ मध्ये 'उसिरि' स्थापन झाली. हे त्या भागातल्या आदिवासी गावांच्या संघाच्या स्पॅनिश नावाचं लघुरूप. फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच धर्मगुरू तिथे शेतकऱ्यांबरोबर राहून काम करत होते. नेदरलँड्समधल्या सोलिदारिदाद संस्थेचे निको रोझेन आणि ते, अशा दोघांच्या प्रयत्नातून १५ नोव्हेंबर १९८८ रोजी 'माक्स हावेलार' हा जगातला पहिला रास्त व्यापाराचा शिक्का नेदरलँड्सच्या दुकानांत आला, आणि त्या शिक्क्याखालची पहिली कॉफी उसिरिची होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची ते ठरवणारी, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि भाव कोसळले. त्याच सुमारास 'इनमेकाफे' ही सरकारी कॉफी संस्था खरेदीतून अंग काढून घेऊ लागली आणि १९९३ मध्ये बंदच झाली. सरकारी गोदामं आणि खरेदी केंद्रं रिकामी पडली. ती जागा कुणी भरायची, कोयोतेने की गावांनी, हा प्रश्न तेव्हा अगदी रोकडा होता. ओआहाकात १९८९ मध्ये 'सेप्को' हा राज्यभराचा उत्पादक संघ उभा राहिला तो याच पोकळीत. चियापासमध्ये 'माया विनिक' १९९९ मध्ये स्थापन झाली, ती ज्या समाजातली माणसं अक्तेआलच्या हत्याकांडात मारली गेली त्यांच्याच सोबत्यांनी. २२ डिसेंबर १९९७ रोजी तिथे ४५ माणसांचा बळी गेला होता. अशा ठिकाणी सहकारी संस्थेची गोष्ट निव्वळ भावाची असू शकत नाही.

आता शेताकडे वळू, कारण सेंद्रिय म्हणजे औषध न मारणं एवढाच अर्थ घेतला तर या डोंगरात काहीच पिकणार नाही.

उतार इतका की पावसाळ्यात माती पाण्याबरोबर सरळ ओढ्यात जाते. म्हणून पहिलं काम माती अडवण्याचं, आणि त्यासाठी समपातळी रेषा आखावी लागते. त्याचं साधन तीन काठ्यांत तयार होतं. सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, खालचे पाय दोन मीटर फाकवायचे, मध्ये एक आडवी काठी बांधायची आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. हे साधन उभं केल्यावर दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जागी ठेवून, पुन्हा खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की ती खरी पातळी. काठ्या वाकड्या असोत, एक पाय जरा आखूड असो, या अदलाबदलीत ती चूक निघून जाते. मग उतारावर एक पाय रोवून दुसरा पाय वर-खाली सरकवत जायचं. दोरी मधल्या खुणेवर आली की खुंटी. खुंट्या जोडत गेलं की रेषा मिळते. त्या रेषेवर गवताची किंवा झुडपांची जिवंत कुंपणं लावायची, आणि प्रत्येक कॉफीच्या झाडाला वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढून छोटा अर्धगोल ओटा करायचा, म्हणजे घातलेलं खत मुळाशी राहतं. कुंपण धरेपर्यंत दोनेक पावसाळे जातात. तोवर ते दरवर्षी दुरुस्त करावं लागतं, आणि इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो.

रोपवाटिकेत जी चूक होते ती शेतात तीन-चार वर्षांनी उघडी पडते. वाळूच्या वाफ्यात बी उगवून काडीपेटीच्या काडीसारखं वर आलं की ते मातीच्या पिशवीत लावतात. त्या वेळी घाईत सोटमूळ दुमडलं तर रोप पिशवीत छान हिरवं दिसतं, शेतातही दोन वर्षं बरं चालतं, आणि पहिला भरघोस बहार धरला की पिवळं पडून सुकतं. लोक त्याला रोग समजतात. झाड उपटून पाहिलं की मूळ हुकासारखं वळलेलं असतं. म्हणून लावणीच्या आधी भोक खोल करायचं, रोप जरा जास्त खाली घालून हलकेच वर ओढायचं, म्हणजे मूळ सरळ लोंबतं. वाढलेलं मुळाचं टोक छाटायलाही हरकत नाही. सहा ते आठ महिन्यांची रोपं पावसाळ्याच्या तोंडावर ४० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात जातात. दोन मीटर अंतराने लावली तर हेक्टरी २,५०० झाडं बसतात. जुन्या बागांत एवढी नसतात.

वर सावलीसाठी इंगा जातीची शेंगवर्गीय झाडं. ती जमिनीला नत्र देतात, पालापाचोळा देतात, जळणही देतात. मध्ये केळी आणि संत्री घरखर्चापुरती. सावली किती ठेवायची हा मात्र सतत डोळा ठेवण्याचा विषय: कमी झाली तर तण माजतं आणि झाड एकदम भारी बहार धरून पुढच्या वर्षी थकतं, जास्त झाली तर फुलं कमी येतात आणि पानांवरचं पाणी सुकत नाही.

खत मुख्यतः कॉफीच्याच सालींचं. २४५ किलो फळांतून साधारण १०० किलो साल-गर निघतो. तो पूर्वी सरळ ओढ्यात टाकत आणि खालच्या गावांचं पाणी नासत असे. आता त्याचा ढीग घालून शेण, माती, थोडी राख किंवा चुना मिसळतात आणि दर पंधरवड्याला चाळवतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. झाडाला वर्षाला दोन-तीन किलो म्हटलं तर २,५०० झाडांच्या हेक्टरला पाच ते साडेसात टन लागतं, आणि ते पाठीवर वाहून उतारावर चढवायचं असतं. सेंद्रिय कॉफीचा खरा खर्च हा आहे. पिशवीतल्या खताचे पैसे वाचतात, पण माणसांचे दिवस वाढतात. गावच्या 'तेकिओ'ची, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनमजुरीने करायच्या कामाची, परंपरा इथे मदतीला येते. पण ती रस्ता, शाळा, पाणवठा यांसाठीही लागते, त्यामुळे बागेच्या वाट्याला किती येईल याला मर्यादा आहे.

तोडणी डिसेंबर ते मार्चमध्ये चालते. सखल बागांत जरा आधी सुरू होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं असतात, त्यामुळे त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. चांगला तोडणारा माणूस दिवसाला ५० किलोच्या आसपास लाल फळं काढतो. संध्याकाळी फळं पाण्यात टाकतात आणि तरंगणारी बाजूला काढतात: ती पोकळ किंवा किडीने पोखरलेली असतात. त्याच दिवशी हाताने फिरवायच्या यंत्रातून साल काढायची. यंत्राच्या पट्टीची फट जराशी चुकली की बी चिरतं, आणि चिरलेलं बी आंबवताना आतून काळं पडतं. हंगाम सुरू होण्याआधी मूठभर फळांवर यंत्र जुळवून घेणं हे पाच मिनिटांचं काम, पण ते राहून गेलं तर पूर्ण मोसमाचा माल उतरतो.

बियांवरचा बुळबुळीत थर सुटावा म्हणून टाकीत आंबवतात. उबदार ठिकाणी १२ ते १८ तास पुरतात, १,२०० मीटरच्या वर थंड रात्री ३६ तासही लागतात. घड्याळावर विसंबून चालत नाही. मूठभर बी पाण्यात चोळायचं. खडीसारखा करकर आवाज आला आणि बोटांना चिकटपणा लागला नाही तर झालं. किंवा टाकीत काठी सरळ खुपसून काढायची. भोक तसंच उभं राहिलं तर लगेच धुवायला घ्यायचं. आज थकलो, उद्या सकाळी धुऊ, असं म्हटलं की आंबट कुबट वास धरतो. असं एखादं नासलेलं बी सबंध कप बिघडवायला पुरतं. धुतलेलं बी सिमेंटच्या खळ्यावर किंवा चटईवर पातळ पसरून पुनःपुन्हा हलवत आठवडाभर वाळवायचं. उघड्या मातीवर टाकलं तर मातीचा वास लागतो आणि तो भाजल्यावरही जात नाही. ओलावा ११ ते १२ टक्के हवा. १२.५ च्या वर गेला तर गोदामात बुरशी. १० च्या खाली गेला तर वजन फुकट गेलं आणि बी ठिसूळ झालं. ढगाळ गावांत प्लास्टिकच्या बोगद्याखाली वाळवतात. त्याला दोन्ही टोकांना वारा लागायला हवा, नाहीतर आत बी शिजल्यासारखं होतं.

हा पर्गामिनो गोदामात आला की संस्थेचं मुख्य काम सुरू होतं: कुणाचा माल, कुठल्या बागेचा, किती. सेंद्रिय प्रमाणपत्र एकेका शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून गटाचं घेतात, आणि गटाचं प्रमाणपत्र उभं असतं शेजाऱ्याने शेजाऱ्यावर ठेवलेल्या लक्षावर. प्रत्येक सभासदाची एक फाइल: बागेचा हाताने काढलेला नकाशा, भोवती काय पिकतं, काय घातलं, झाडं किती, यंदा अंदाजे किती किंताल निघतील, आणि सही किंवा अंगठा. वर्षातून एकदा दुसऱ्या गावातला प्रशिक्षित शेतकरी, नातेवाईक नसलेला, येऊन ती फाइल बागेशी ताडून पाहतो. मग 'सर्तिमेक्स'सारख्या प्रमाणन संस्थेचा बाहेरचा निरीक्षक काही बागा नमुन्यादाखल बघतो. तो खरं तर बागांपेक्षा या अंतर्गत व्यवस्थेची परीक्षा घेतो. बहुवर्षायू पिकाला पूर्ण सेंद्रिय व्हायला तीन वर्षं लागतात, आणि त्या काळात कष्ट सेंद्रियचे पण भाव साधा, हे नव्या सभासदाला आधी स्पष्ट सांगावं लागतं.

काय चुकतं? मुद्दाम फसवणारे फार थोडे. बहुतेक वेळा कॉफीला लागून मक्याचं शेत असतं, तिथे घरातलाच कुणी तणनाशक मारतो आणि वारा उरलेलं काम करतो. कुणी रासायनिक खताच्या रिकाम्या पोत्यात पर्गामिनो भरतो. कुणी घरात किडीसाठी पावडर टाकतो आणि कॉफी त्याच खोलीत. दुसरी तऱ्हा जास्त घातक: सभासदाची बाग ८ किंतालांची आणि गोदामात १४ आले. वरचे सहा मेव्हण्याचे, जो सभासदच नाही. म्हणून तोडणीआधीचा अंदाज फार जपून करावा लागतो. काट्यावर बसलेल्या माणसासमोर ती यादी असते, आणि अंदाजाच्या वरचं पोतं परत पाठवायचं धैर्य त्याच्याकडे असावं लागतं. तो त्याच गावात राहतो. सभेत हात वर करून नियम करणं सोपं. काट्यावर तो पाळणं कठीण, आणि अख्ख्या गटाचं प्रमाणपत्र त्या एका 'नाही'वर टिकून असतं.

तांबेऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय गेल्या काही वर्षांचं काहीच समजणार नाही. हेमिलेया व्हॅस्टाट्रिक्स ही बुरशी मेक्सिकोत १९८१ मध्ये चियापासला आली. त्यानंतर बरीच वर्षं ती फारसा त्रास न देता राहिली. २०१२ पासून मात्र मध्य अमेरिकेत आणि पाठोपाठ दक्षिण मेक्सिकोत तिने थैमान घातलं. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते, बोटाला लागते, आणि काही आठवड्यांत झाड उघडं पडतं. कॉफी आदल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर धरते, त्यामुळे यंदा पानं गेली तर नुकसान पुढच्या वर्षाचंही होतं. काही वर्षांतच मेक्सिकोचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. सगळ्यात आधी गेल्या त्या टिपिका जातीच्या, तीस-चाळीस वर्षांच्या, न छाटलेल्या, उपाशी बागा. सेंद्रिय नियमांत तांब्याला परवानगी आहे, म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण करतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलटं नाही. भांडं प्लास्टिकचं किंवा लाकडी. स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहायची, तांबूस झाली तर चुना कमी पडला. हे मिश्रण रोग येण्याआधी, पानाच्या खालच्या बाजूला बसलं तरच उपयोगी. भुकटी दिसू लागल्यावर मारलं तर पैसे आणि पाठ दोन्ही वाया.

लांबचा उपाय म्हणजे बाग तरुण ठेवणं. दरवर्षी चौथ्या-पाचव्या हिश्श्याची झाडं जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटरवर तिरकी कापायची, फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवायचे. किंवा प्रतिकारक वाण लावायचे: ओरो आस्तेका, कोस्टा रिका ९५. ते तग धरतात, पण खत जास्त मागतात, आणि चवीच्या बाबतीत जुन्या टिपिकाचा चाहता समाधानी होत नाही. या वादात मला दोन्ही बाजू पटतात. ज्याची बाग गेली त्याला चवीवर व्याख्यान देऊ नये, एवढंच म्हणेन. नव्या रोपाला पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तेवढ्यात तरुण मुलं उत्तरेच्या, म्हणजे अमेरिकेच्या, वाटेला लागतात.

आता पैसे. १ ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिकाला फेअरट्रेडचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर आहे. सेंद्रिय असेल तर ४० सेंट वर, आणि संस्थेच्या सभेने खर्च ठरवायचा २० सेंटचा प्रीमियम वेगळा, त्यातले निदान ५ सेंट उत्पादन आणि गुणवत्तेवर घालायचे. एकूण २.४० डॉलर. दीड हेक्टरची बाग, हेक्टरी ६ किंताल धरले तर ९ किंताल, म्हणजे साधारण ९१३ पौंड. त्याचे २,१९० डॉलर झाले. हा भाव बंदरावरचा. त्यातून ट्रक, गिरणी, निवड, पोती, प्रमाणपत्र, निर्यातीचे कागद आणि कर्जावरचं व्याज जातं. उरलेलं घरी येतं. त्या ९ किंतालांसाठी २,२०० किलो फळं तोडायची आहेत, म्हणजे नुसत्या तोडणीचेच ४४ दिवस. शिवाय संस्थेची सगळी कॉफी या भावाने जातेच असं नाही. शिक्क्याचा गिऱ्हाईक जेवढा माल घेईल तेवढा, बाकीचा साध्या भावात. शेतकऱ्याच्या हातात पडते ती या दोन्हींची सरासरी.

पडत्या बाजारात हा किमान भाव सोन्यासारखा ठरला, यात शंका नाही. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला भाव पौंडाला ४५ सेंटच्या आसपास घसरला होता, तेव्हा फेअरट्रेडची सेंद्रिय कॉफी १.४१ डॉलरने जात होती. त्या दिवसांत सभासद संस्थेला सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

भाव चढतो तेव्हा चित्र उलटतं. समजा, डिसेंबरात संस्थेने चार कंटेनरचा सौदा २ डॉलरला बांधला. एका कंटेनरमध्ये ६९ किलोची २५० पोती, म्हणजे ३७५ किंताल. चार कंटेनरचे १,५०० किंताल. माल अजून झाडावर आहे. फेब्रुवारीत ब्राझीलहून दुष्काळाची बातमी येते आणि कोयोते घरासमोर ट्रक उभा करून २.६० च्या हिशेबाने रोख मोजतो. ना ओलाव्याचं यंत्र, ना फाइल, ना अंदाजाची यादी. सभासद सगळा माल देत नाही, अर्धा देतो. त्यात लबाडी नसते. मुलाची फी, आजारपण, देणं असतं. पण संस्थेला सौदा तर पाळायचा आहे. सगळाच माल तिला बाजारातून घ्यावा लागला तर फरक सुमारे ९० हजार डॉलरचा, आणि सेंद्रिय माल बाजारात सहज मिळतही नाही. जुलै २०२१ मध्ये ब्राझीलला हिमदव पडलं आणि भाव उसळले, तेव्हा असे न पुरवलेले सौदे अनेक देशांत झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा भाव ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा १.८० चा किमान भाव कुणाच्या बोलण्यातही नव्हता.

त्यातली दुसरी अडचण आणखी सरळ आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. एक कंटेनर भरायला २ डॉलरच्या भावात ७५ हजार डॉलर रोख लागतात, ४ डॉलरच्या भावात दीड लाख. कर्जाची मर्यादा मात्र गेल्या वर्षीच्या भावावर ठरलेली असते. म्हणजे भाव दुप्पट झाला की संस्था त्याच पैशात निम्माच माल उचलू शकते. काट्यावरच्या माणसाला सांगावं लागतं, 'काका, पोती ठेवून जा, पैसे पुढच्या आठवड्यात.' काकांना घरी जाताना वाटेत कोयोतेचा ट्रक लागतो.

जाणत्या संस्थांनी याला काही उत्तरं शोधली आहेत. भाव आधी बांधायचाच नाही; 'न्यूयॉर्कचा त्या दिवशीचा भाव अधिक ठरलेला फरक' असा सौदा करायचा, आणि गोदामात जेवढं पर्गामिनो खरोखर आलं आहे तेवढ्याचाच भाव त्या-त्या दिवशी पक्का करायचा. शेतकऱ्याला पैसे तीन हप्त्यांत: तंगीच्या महिन्यांत उचल, माल घालताना त्या दिवसाच्या स्थानिक भावाइतकी रोख, आणि निर्यात झाल्यावर हिशेबाची उरलेली रक्कम. हा तिसरा हप्ता कोयोते कधीच देत नाही. पण तो मे-जूनमध्ये, मका संपायच्या आत, पोचला तरच संस्थेची पत वाढते. तो ऑगस्टपर्यंत लांबला की पुढच्या हंगामात पोती कमी येतात. एकाच वर्षात परिणाम दिसतो. हिशेब भिंतीवर लावायचा, ट्रकचं डिझेलसुद्धा त्यात दाखवायचं, आणि सभेत तो गावाच्या भाषेत वाचून दाखवायचा, निव्वळ स्पॅनिशमध्ये नाही. उसिरिसारख्या संघांत गावांचे प्रतिनिधी दर महिन्याला भेटतात, आणि सभेत दोन दिवस गेले तरी कुणाला ते वाया गेल्यासारखं वाटत नाही. वेगवेगळ्या भाषांच्या गावांना एकाच काट्यावर विश्वास ठेवायला लावायचा तर एवढं बोलावंच लागतं.

वरून नियम बदलत राहतात. युरोपीय संघाचा १ जानेवारी २०२२ पासूनचा सेंद्रिय कायदा म्हणतो की एका गटात २,००० पेक्षा जास्त सभासद नकोत आणि गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व हवं. दरवर्षी निदान ५ टक्के सभासदांची फेरतपासणी आणि २ टक्क्यांच्या मालाचे नमुने. मोठ्या संघांना कागदावर स्वतःचे तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा हिशेबनीस. युरोपचाच जंगलतोडविरोधी कायदा प्रत्येक बागेचे अक्षांश-रेखांश मागतो, ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथलं जंगल तुटलेलं नाही याचा पुरावाही. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण तयारीचा खर्च गावांनी केव्हाच केला. मळेवाल्यांना शिक्का द्यायचा की नाही यावरून २०११ मध्ये अमेरिकेतली फेअर ट्रेड यूएसए फेअरट्रेडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांनी तर २००६ मध्येच स्वतःचं वेगळं चिन्ह काढलं होतं. माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे. शेकडो मजूर लावणारा मळा आणि दीड हेक्टरवाल्यांचा संघ यांच्या पोत्यावर एकच शिक्का असेल, तर स्वस्त पडणारा मळाच पुढे जाणार.

नियमांमधला एक मात्र शेतकऱ्याच्या थेट कामाचा आहे: संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने सौद्याच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ पैसे द्यायचे किंवा मिळवून द्यायचे. तो कागदावर असतो आणि बरेचदा कागदावरच राहतो. कारण संस्था मागायला बिचकते, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक जाईल या भीतीने. मागितलं तरी पैसे फेब्रुवारीत येतात, तोवर पहिली तोडणी कोयोतेच्या ट्रकमध्ये गेलेली असते. या डोंगरांतल्या कॉफीबद्दल ज्या भाजणाऱ्याला मनापासून काही करायचं असेल, त्याने पाकिटावर शेतकऱ्याचा हसरा फोटो छापण्याआधी स्वतःच्या हिशेबनिसाला एक तारीख द्यावी. उचल ऑक्टोबरच्या अखेरीस संस्थेच्या खात्यात जमा झालेली असावी, भाव कितीही चढला असला तरी त्या वर्षीच्या भावाच्या मापाने.